काळं दिसलं म्हणून घासू नका

मैत्रिणींनो, जुनी वस्तू काळी दिसली की आपला हात आधी चिंचेकडे जातो, होय ना? मग ही जपानी कट्यार पाहा. सामुराई घराण्यातल्या बायका ‘काइकेन’ नावाची छोटी कट्यार कमरपट्ट्यात खोचत. पारंपरिक वेषातल्या तिथल्या नवरीजवळ ती अजूनही असते, बहुधा शोभेपुरतीच.

जुन्या कट्यारींच्या मुठीवर ‘मेनुकी’ म्हणजे इवल्याशा नक्षीच्या जोड्या बसवत. शेवंती काय, ड्रॅगन काय! त्यातला काळा-जांभळा धातू म्हणजे ‘शाकुदो’: तांब्यात शेकडा ३ ते ५ भाग चक्क सोनं. तो काळेपणा मळ नव्हे हो! मोरचुदासारख्या क्षारांच्या पाण्यात उकळून मुद्दाम आणलेला रंग तो. घासला की गेला. मुठीत दडलेल्या पात्याच्या टोकावरचा गंजसुद्धा जाणकार काढत नाहीत. त्यावरून वय ओळखतात, आणि कारागिराचं नाव असलंच तर तिथंच कोरलेलं असतं. १८७६ साली तलवार लावून फिरायला बंदी आली, तेव्हा हेच कारागीर फुलदाण्या, डब्या घडवू लागले. त्याही घासायच्या नाहीत, मऊ कोरड्या फडक्यानं पुसायच्या.

मी मात्र आजेसासूबाईंचा पितळी अडकित्ता केव्हाच लखलखीत करून बसले आहे. त्यावरचे मोर आता बोटानं चाचपून शोधावे लागतात.