एकच मैदान, मग पाहुणा कोण?



'मेजबान' आणि 'मेहमान' हे शब्द तुमच्या घरात रोज ऐकू येतात. मराठीत मेजबानाला 'यजमान' म्हणतात आणि मेहमानाला 'पाहुणा'. घरी पाहुणा आला, की आपण त्याला चांगल्या जागी बसवतो. त्याच्यापुढे आधी ताट ठेवतो. खेळाच्या मैदानावर मात्र पाहुण्याची अशी सरबराई होत नाही. मैदान अनोळखी, प्रवासाचा शीण, आणि सारे प्रेक्षक यजमानांच्या बाजूने ओरडणारे! म्हणून पाहुण्या संघासाठी फुटबॉलमध्ये एक खास नियम केला होता. आज आपण त्या नियमाचा विचार करू.

समजा, जळगाव आणि धुळे यांच्या संघांत दोन सामने ठरले. पहिला सामना जळगावच्या सागर पार्कवर झाला. जळगावने २ गोल केले, धुळ्याने १ केला. मग जळगावची मुले एस.टी.ने एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला गेली. तेथे धुळ्याने १ गोल केला. जळगावला एकही करता आला नाही. दोन्ही सामने मिळून प्रत्येकाचे २ गोल झाले. आता जिंकले कोण?

नियम सांगत असे, की दुसऱ्याच्या मैदानावर ज्याने जास्त गोल केले, तो जिंकला. धुळ्याने जळगावात १ गोल केला होता. जळगावने धुळ्यात एकही केला नव्हता. म्हणून धुळे विजयी! परक्या गावात केलेला गोल अधिक कष्टाचा असतो, म्हणून त्याचे मोल अधिक, असा या नियमाचा अर्थ होता.

युरोपात हा नियम १९६५ मध्ये आला. त्याआधी दोन सामन्यांनंतर बरोबरी झाली, की तिसरा सामना तिसऱ्याच गावी खेळावा लागे. १९६५ सालीच इंग्लंडचा लिव्हरपूल आणि जर्मनीचा कोलोन या संघांचे तीनही सामने बरोबरीत सुटले. शेवटी नाणेफेकीवर निकाल लावला गेला. इतके खेळून नशिबावर हवाला ठेवायचा, हे कोणाला आवडेल? त्यापेक्षा पाहुण्याच्या गोलाचा नियम बरा होता. त्यामागे कारण होते.

पण दोन्ही संघांचे मैदान एकच असेल तर?

हसू नका. असे खरोखर घडले आहे. इटलीतील मिलान शहरात 'एसी मिलान' आणि 'इंटर' हे दोन मोठे क्लब आहेत. त्यांचे वैर फार जुने आहे. तरीही १९४७ पासून दोघे सान सिरो या एकाच स्टेडियममध्ये खेळत आले आहेत. २००३ मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत उपांत्य फेरीला हेच दोघे समोरासमोर आले. ७ मे रोजी पहिला सामना झाला. त्यात कागदावर मिलान यजमान होते. एकही गोल झाला नाही. १३ मे रोजी त्याच मैदानावर दुसरा सामना झाला. या वेळी कागदावर इंटर यजमान होते. सामना १-१ असा सुटला. मिलानचा गोल 'पाहुण्याचा' ठरला आणि मिलान अंतिम फेरीत गेले. इंटर एकही सामना न हरता बाहेर पडले. मिलानने पुढे तो चषकही जिंकला.

ज्या मैदानावर मिलानचे खेळाडू वर्षानुवर्षे खेळत होते, तेथे ते एका रात्रीपुरते पाहुणे कसे झाले?

कोणी म्हणेल, "यजमान संघाच्या चाहत्यांना तिकिटे जास्त मिळतात. घर मातीने होत नाही, माणसांनी होते." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. आपल्या बाजूने हजारो माणसे ओरडत असली, की पायांत बळ येते. पण प्रवास नाही, अनोळखी गवत नाही, परके हवापाणी नाही. मग पाहुण्याचे कष्ट उरले किती? माझ्या मते, तेथे नियमाचे कारण जवळजवळ संपले होते, फक्त नियम उरला होता.

आता आपल्या जवळचे उदाहरण पाहू. गोव्यात फुटबॉलचे वेड मोठे आहे. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सहा वर्षे आय-लीगचे विजेतेपद गोव्यातच राहिले. कधी धेंपो, कधी चर्चिल ब्रदर्स, कधी साळगावकर जिंकले. मडगावचे फातोर्डा स्टेडियम, वास्कोचे टिळक मैदान अशा मोजक्या मैदानांवर हे प्रतिस्पर्धी क्लब आलटून पालटून खेळत. आज एकाचे घर, उद्या तेच दुसऱ्याचे घर!

पुढे कोरोनाची साथ आली. तेव्हा २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगचे सर्व सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना भरवले गेले. मार्च २०२१ मध्ये उपांत्य फेरीत एफसी गोवा आणि मुंबई सिटी यांची गाठ पडली. फातोर्ड्याला सामना २-२ असा सुटला. बांबोळीला दुसरा सामना झाला, त्यात एकही गोल झाला नाही. जुना नियम लावला असता, तर फातोर्ड्याच्या २ गोलांवर मुंबई तेथेच जिंकली असती. पण तसे केले नाही. निकाल पेनल्टी किकवर लागला. मुंबईने ६-५ असा विजय मिळवला आणि मग अंतिम सामनाही जिंकला. विजेता तोच राहिला. पण दोन्ही संघांना शेवटपर्यंत बरोबरीची संधी मिळाली. मला हे अधिक न्यायाचे वाटते.

त्याच वर्षी, २४ जून २०२१ रोजी, युरोपच्या फुटबॉल संघटनेने तो नियम रद्द केला. आता प्रवास सोपा झाला होता आणि यजमानांचा फायदा कमी झाला होता. शिवाय पाहुण्याचा गोल महागात पडेल, या भीतीने यजमान संघ आपल्याच मैदानावर बचाव करीत बसे. पाहुण्याला बळ देणारा नियम यजमानाला भित्रा करू लागला होता.

मित्रांनो, यातून मी एक गोष्ट शिकलो. नियम पाळावा, पण त्याचे कारणही विचारावे. मात्र ते सामन्याआधी विचारावे. हरल्यानंतर "हा नियमच चुकीचा" असे ओरडणे म्हणजे रडीचा डाव. मिलानने २००३ मध्ये कोणाला फसवले नव्हते. नियम दोघांनाही आधीपासून ठाऊक होता. चूक होती ती नियम लावण्याआधी विचार न करणाऱ्यांची.

आणि एकच मैदान वाटून घेण्याचे काय? आपल्या खानदेशात मैदाने थोडी आणि खेळणारी मुले फार. दोन मोहल्ल्यांचे संघ एकाच मैदानावर खेळतात. "मैदान आमचे आहे, तुम्ही निघा," असे कोणीतरी म्हणतो आणि भांडण सुरू होते. मिलानमध्येही असेच घडले. २००५ मध्ये याच दोन क्लबांच्या सामन्यात इंटरच्या चाहत्यांनी जळत्या मशाली मैदानात फेकल्या. एक मिलानच्या गोलरक्षकाच्या खांद्याला लागली. सामना अर्धवट थांबवावा लागला आणि मिलानला विजयी ठरवले गेले. नुकसान इंटरचेच झाले.

तरीही ते दोन क्लब वेगळे झाले नाहीत. २०२५ मध्ये दोघांनी मिळून सान सिरो स्टेडियम शहराच्या महापालिकेकडून विकत घेतले. वैर मैदानातले, घर मात्र दोघांचे!

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या मैदानावर शेजारच्या मोहल्ल्याचा संघ दिसला, तर "हे मैदान कोणाचे?" असे विचारू नका. दोघेही यजमान आहात, हे मनात ठेवा. वेळ वाटून घ्या, दगड मिळून वेचा, नियम आधी ठरवा. मग खेळा. गोल झाला, की तो सगळ्यांसाठी सारखाच मोजा.