दीड तासाची फुरसत

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली अशी तजवीज केली की, सायंकाळी सात वाजता भोंगा वाजावा आणि त्यानंतर दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, थोरांनी वाचावे-बोलावे, हा तिचा हेतू सर्वथैव स्तुत्य आहे; परंतु या अवधीवर केवळ कर्तव्याचाच अंमल असावा, हे मला मान्य नाही. भिजवलेल्या रव्याचा कण अंगठा व तर्जनी यांमध्ये फिरवून तांदळाच्या दाण्याहूनही बारीक गव्हला वळताना, किंवा थंडीच्या दिवसांत गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले जोंधळ्याचे कोवळे कणीस तळहातावर चोळून तो ऊन हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाताना चित्त जसे एकाग्र आणि तरीही निवांत होते, तसे पडद्यावरील अखंड करमणुकीने होत नाही, असे माझे ठाम मत आहे. आणि हे मी केवळ वृद्धांपुरते म्हणत नाही. ज्या ग्रामपंचायती व गृहनिर्माण संस्था असा ठराव करू पाहतात, त्यांनी तो अवश्य करावा. मात्र पेटी, बुद्धिबळ, विणकाम आणि वाटीभर गूळ-शेंगदाणे यांनाही त्यात मोकळी जागा ठेवावी, ही आग्रहाची विनंती.