वेष कोणाचा आणि उतरविण्याचा हक्क कोणाचा?

आमच्या जालन्यांत तरुणांच्या आवडीनिवडीचा विषय निघाला कीं एक आक्षेप हटकून ऐकूं येतो. ‘हेवी मेटल’ नांवाचें जें पाश्चात्य संगीत आमचीं मुलें ऐकतात तें संगीतच नव्हे, तें चामड्याचें नि खिळ्यांचें सोंग आहे. ज्यांच्या गळ्यांत सूर नाहीं ते अंगावर वेष चढवितात. आणि हा वेष आमच्या संस्कृतींत बसत नाहीं! आक्षेप घेणारे सद्गृहस्थ आदरास पात्र आहेत. त्यांचें मत मात्र तपासल्यावांचून सोडणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

प्रथम इतिहास पाहूं. हें संगीत इंग्लंडांत, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या परिसरांत वाढलें. ‘ब्लॅक सॅबथ’चा वादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें १९६५ सालीं पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्रांत तुटलीं, प्लॅस्टिक वितळवून त्यानें बोटांस टोपणें केलीं आणि तो पुन्हां गिटार वाजवूं लागला. त्याच परिसरांत १९६९ सालीं ‘ज्युडास प्रीस्ट’ हा संच निघाला व १९७३ मध्यें रॉब हॅल्फर्ड त्याचा गायक झाला. आरंभीं हे लोक त्या काळच्या चालीप्रमाणें सॅटिन व मखमल घालून रंगमंचावर येत. गाणें लोखंडाचें आणि वस्त्र मखमलीचें, अशी ती विसंगति होती. १९७८ च्या सुमारास त्यांनीं काळें चामडें, धातूचे खिळे, सांखळ्या व चाबूक स्वीकारले. गायक मोटारसायकलवर बसून प्रवेश करूं लागला. त्यांच्या १९८० च्या ध्वनिमुद्रिकेचें नांवच ‘ब्रिटिश स्टील’! हाच वेष पुढें जगभर या संगीताचा गणवेश ठरला. हॅल्फर्डचा गळा तारसप्तकांत कसा फिरतो हें ज्यानें एकदां ऐकलें, तो सूर नसल्याची तक्रार करणार नाहीं. आणि ज्या गांवांत भंगार वितळवून सळया तयार होतात, त्या गांवानें लोखंडाच्या नादास परका म्हणावें, हें तर नवलच.

वेष म्हणजे सुराचें न्यून झांकण्याचें साधन, हें मत मराठी माणसानें तरी मांडूं नये. १९१९ सालीं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें, तेव्हां जरीच्या शालूंनीं प्रेक्षकांस वेड लावणारे बालगंधर्व सिंधूच्या दारिद्र्यासाठीं ठिगळांचें लुगडें नेसले. त्यांचा सूर कमी पडला होता काय?

आतां संस्कृतीचा मुद्दा. मोकळे सोडलेले लांब केंस, उघडें अंग, कमरेस चिंध्यांचा घागरा, पायांत घुंगुर, हातांत आसूड आणि त्याचे फटके स्वतःच्याच अंगावर! हा पोतराज मराठवाड्यानें पिढ्यान्पिढ्या पाहिला आहे. चाबूक इंग्रजाच्या हातीं दिसला कीं ती विकृति, आणि पोतराजाच्या हातीं दिसला कीं ती परंपरा, हा कोणता न्याय? स्नेहसंमेलनांत हौशी मुलगा पोतराज होऊन आला कीं जे टाळ्या देतात, तेच काळा सदरा घातलेल्या मुलास संस्कृतीचे धडे देतात!

परंतु पोतराजाचा गौरव करून वाद जिंकण्याची आम्हांस इच्छा नाहीं. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. हॅल्फर्डनें आपला वेष दुकानांतून विकत आणला. तो टाकून देण्यास त्यास कोणाची आडकाठी नव्हती. पोतराजाचा वेष मात्र नवसानें आणि जन्मानें, बहुधा मातंगांच्याच मुलांवर लादला गेला. त्याच्या केंसांस कात्री लावण्याची मुभा नव्हती. जून १९३६ मध्यें मुंबईंत देवदासी, पोतराज, आराधी, जोगतिणी यांच्या सभेंत डॉ. आंबेडकरांनीं तें जिणें सोडण्यास सांगितलें. ज्यांनीं केंस कापले व आसूड खालीं ठेवला, त्यांनीं संस्कृतीची जी सेवा केली ती आमच्या टाळ्यांनीं कधींच झाली नाहीं.

हॅल्फर्डची कथाहि येथें उद्बोधक आहे. ज्या वेषांत जगास पौरुषाचा पुतळा दिसला, त्या वेषांतला मनुष्य आपण समलिंगी असल्याचें वर्षानुवर्षें लपवीत होता. १९९८ सालीं त्यानें तें उघड सांगितलें. वेष त्यानें टाकला नाहीं. त्याखालीं लपविण्यासारखें मात्र कांहीं उरलें नाहीं.

केवळ चामडें चढवून कोणी हॅल्फर्ड होत नाहीं, हें आम्ही मान्य करतों. जालन्याच्या वैशाखांत तर त्यानें घामच येईल. अनुकरण पोकळ असेल तर त्यास खुशाल हंसावें. परंतु याच जिल्ह्यांतील जांबेच्या नारायणाची कथा आम्ही विसरूं नये. ‘सावधान’ शब्द ऐकतांच तो बोहल्यावरून पळाला आणि पुढें रामदास झाला, असें परंपरा सांगते. नवरदेवाचा वेष त्याच्या अंगावर घरच्यांनीं चढविला होता. तो उतरविण्याचें धैर्य त्याचें स्वतःचें होतें, आणि त्या धैर्यासच आम्ही आजवर वंदन करीत आलों.

तात्पर्य, वेष देशी कीं परका हा प्रश्न गौण आहे. घालणाऱ्यास तो उतरवितां येतो कीं नाहीं, हा खरा प्रश्न. काळ्या सदऱ्याच्या मुलास हिणविण्यापूर्वीं आमच्या सद्गृहस्थांनीं एवढेंच करावें: दारीं पोतराज आला तर पैसा टाकून आंत न जातां, त्याच्याबरोबरच्या पोराचे केंस कां वाढविले आहेत आणि तें शाळेंत जातें काय, याची चौकशी करावी.