शेवटच्या बाकावरचा पांडुरंग

'कोसला' (१९६३) शिकवताना पांडुरंग सांगवीकराच्या तुटलेपणाला आम्ही अस्तित्ववादाचे नाव देतो आणि तास संपवतो. त्याच वर्गातला, अठराव्या वर्षीच गप्प झालेला एखादा पांडुरंग मात्र आम्हांला केवळ 'अनियमित विद्यार्थी' दिसतो. शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. ते आवश्यकच आहे. परंतु त्या दारापर्यंत विद्यार्थी आपणहून क्वचितच जातो. त्याच्या निबंधातली बदललेली भाषा प्रथम भाषाशिक्षकाच्याच नजरेस पडते. तेव्हा उपदेश नको. एकांतात विचारपूस करावी, निमूट ऐकावे, समुपदेशकापर्यंत सोबत जावे, 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक द्यावा. संहितेतले मौन वाचायला शिकवणाऱ्यांना समोरचे मौन वाचता न येणे, हे आमच्या मते समीक्षेचेही अपयश आहे.