वॉचमनने पत्रं फोडायची नसतात

काकांचं कळंबोलीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. महिनाभर एका मोठ्या पार्टीचे मेल त्यांच्याकडे येतच नव्हते. डिलिव्हरी ऑर्डर मिळाली नाही, ट्रेलर दोन दिवस उभा राहिला आणि डिटेन्शन काकांनी भरलं. मेल सर्व्हरवाला म्हणे फायरवॉल बघा, फायरवॉलवाला म्हणे सर्व्हर बघा. व्हिजिटचे पैसे मात्र दोघांनीही घेतले.

शनिवारी मी कामोठ्यात घरी बसूनच माझ्या भाड्याच्या सर्व्हरवरून त्यांच्या पोर्ट २५ वर टेलनेट मारलं. स्वागताच्या ओळीत सर्व्हरच्या नावाऐवजी नुसते तारे! ईएचएलओ दिलं, तर यादीत 'स्टार्टटीएलएस'च्या जागी एक्सची रांग. म्हटलं, सापडला चोर.

हा जुना रोग आहे मंडळी. सिस्कोच्या पिक्समध्ये 'फिक्सअप प्रोटोकॉल एसएमटीपी' नावाची सोय होती. १९८२ च्या आरएफसी ८२१ मधल्या फक्त सात कमांड ती आत सोडायची, बाकी सगळं खोडायची. सुरुवातीला त्यात अर्थ होता. १९८८ चा मॉरिस वर्म सेंडमेलच्या डीबग कमांडमधूनच घुसला होता. पण १९९५ मध्ये ईएसएमटीपी प्रमाण झालं, १९९९ मध्ये स्टार्टटीएलएस आलं, आणि वॉचमन मात्र जुन्याच रजिस्टरवर. पुढे पिक्स जाऊन एएसए आलं, सवय तीच. पोस्टफिक्सवाल्यांनी तर हे तारे ओळखून अडकलेला मेल पाठवताना शेवटच्या टिंबाआधी १० सेकंद थांबण्याची सोय करून ठेवली. दुसऱ्याच्या चुकीसाठी!

आणि याला म्हणायचं सिक्युरिटी? स्टार्टटीएलएस खोडलं की पाठवणाऱ्याला वाटतं, समोरच्याला एन्क्रिप्शन येतच नाही. बहुतेक सर्व्हर मग निमूटपणे उघडा मेल पाठवतात. म्हणजे काकांचे रेट, चालकांची लायसन्सं, सगळं पोस्टकार्डावर. आणि हे कोणी केलं? संरक्षणासाठी पैसे घेतलेल्या डब्याने. त्या पार्टीच्या सर्व्हरचा नियम कडक होता, एन्क्रिप्शन नाही तर मेल नाही, म्हणून निदान भांडं फुटलं. बाऊन्स त्यांच्या नोरिप्लाय खात्यात पडत होते, ते कोण बघतो!

माझं म्हणणं साधं आहे. फायरवॉलने कोण येतंय ते बघावं, नको असेल तर सरळ दार लावावं. पण दोघांच्या बोलण्यातले शब्द बदलायचे आणि दोघांनाही सांगायचं नाही, हा हक्क त्याला कोणी दिला? हॅकरने हेच केलं तर आपण त्याला हल्ला म्हणतो.

'नो इन्स्पेक्ट ईएसएमटीपी', एवढी एक ओळ. अर्ध्या तासात मेल सुरू. त्यावर फायरवॉलवाला काकांना म्हणतो, "सिक्युरिटी कमी केलीत, आता जबाबदारी तुमची." महिनाभर मेल उघडे जात होते तेव्हा ती कोणाची होती, ते विचारलं. फोन कट.

डिटेन्शनचे पैसे अर्थातच गेले. आयसीएमपीसुद्धा त्याने सरसकट बंद केलंय म्हणे. पुढचा शनिवार त्यात.