फेसाखालचा इतिहास : जुन्या बिअर-जाहिराती कशा वाचाव्यात? (थ्रेड)

१/ पुण्यातील काही पबच्या भिंतींवर हल्ली ब्रिटिशकालीन बिअर-जाहिरातींच्या प्रतिकृती टांगलेल्या असतात. त्यांकडे शोभेच्या वस्तू म्हणून पाहिले जाते. वास्तविक ती इतिहासाची साधने आहेत. आणि साधन म्हटले की चिकित्सा आलीच.

२/ प्रथम नावाची चिकित्सा. सागरप्रवासात टिकावी म्हणून 'इंडिया पेल एल' मुद्दाम शोधली गेली, ही कथा लोकप्रिय असली तरी निराधार आहे. अशी फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून बनत होती, आणि काळी पोर्टरही हिंदुस्थानात सुखरूप पोहोचत होती. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव १८३० च्या आसपासच्या जाहिरातींतून रूढ झाले. ते बाजाराने घडवलेले नाव होय.

३/ नंतर फेसाची. चित्रातील दाट फेस योगायोगाने येत नाही. ग्लास स्वच्छ हवा, कारण तेलकटपणा फेस मारतो. ग्लास सुमारे ४५ अंशांत कलता धरून बिअर कडेने सोडावी आणि अखेरीस तो सरळ करून मधोमध ओतावी. दोन बोटे फेस येतो व सुगंध मोकळा होतो. जाहिरात नेमका हाच क्षण गोठवते. आधीचे आणि नंतरचे काहीच दाखवत नाही.

४/ आधीचे काय? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी आणि मोहाची दारू सरकारी महसुलाच्या पकडीत आणली. नंतरचे काय? १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. साहेबाच्या हातातील चकाकता ग्लास आणि फुल्यांचे ते पत्र एकाच काळाचे पुरावे आहेत. भिंतीवर मात्र एकच टांगला जातो.

५/ स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. पण मद्याची नुसती प्रशंसा करण्यावरील बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली. आज दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातींस मनाई आहे, म्हणून त्याच नावाचा सोडा विकला जातो. उद्याच्या इतिहासकाराला आपल्या काळातील बिअर सोड्याच्या जाहिरातींत शोधावी लागेल!

६/ २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीचे नाव 'डूलाली'. हे नाशिकजवळच्या देवळालीचे इंग्रजी रूप. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक तेथील छावणीत खोळंबत आणि सैरभैर होत. त्यातून 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग आला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. एका गमतीदार नावाखालीही कंटाळलेल्या, घरापासून तुटलेल्या माणसांचा इतिहास दडलेला असतो.

७/ म्हणून जुन्या जाहिराती उतरवू नयेत. त्यांच्या शेजारी फुल्यांच्या पत्राची प्रतही लावावी. जाहिरात विक्रेत्याची इच्छा सांगते, समाजाची स्थिती नव्हे. हा भेद विसरणारा इतिहासप्रेमी अभ्यासक न राहता दीड शतक उशिरा आलेला गिऱ्हाईक ठरतो.