अभ्यासाच्या टेबलावर काय ठेवाल?

जून जवळ आला की स्टेशनरीच्या दुकानात वह्यांच्या गठ्ठ्यांबरोबर आणखी एक माल येतो. भिंतीवर चिकटवायचे कागद. 'हार मानू नकोस', 'स्वप्नं मोठी बघ', मागे उगवता सूर्य नाहीतर धावणारा घोडा. हल्ली इंग्रजीतले जास्त खपतात. मुलं हौसेनं मागतात आणि अम्मी पैसे देते, कारण मूल अभ्यासाचं काहीतरी मागतंय याचाच तिला आनंद असतो. त्या कागदांवर माझा राग नाही. पण वीसेक वर्षं वर्गात काढल्यावर एवढं सांगू शकते, की पंधरा दिवसांत तो कागद भिंतीचाच एक भाग होऊन जातो. नजर त्यावरून फिरते, थांबत नाही.

मग नजर कशावर थांबते? हा प्रश्न मनात आला की मला अहमदनगरचा किल्ला आठवतो. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या पुढाऱ्यांना तिथे कैदेत ठेवलं. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं. मौलाना अबुल कलाम आझादही त्याच किल्ल्यात होते आणि आपले स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहीत होते. पत्रं बाहेर जाण्याची सोय नव्हती, तरी लिहीत होते. पुढे १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापली गेली. उर्दू घेतलेल्या मुलांना हे नाव माहीत असतं, निदान असायला हवं.

त्या कोठडीत मौलानांना आपली म्हणता येईल अशी जागा ती किती! पण पत्रं वाचली की ती खोली डोळ्यांपुढे उभी राहते. भल्या पहाटे उठायचं, स्वतःच्या हातानं चहा करायचा. चहा चिनी, व्हाइट जास्मिन नावाचा, आणि त्यात दूध नाही. दूध घालून उकळलेल्या आपल्या चहाबद्दल मौलानांचं मत काही चांगलं नव्हतं! तो फिंजान जवळ घ्यायचा आणि लिहायला बसायचं. छतात चिमण्यांनी घरटी केली होती. सुरुवातीला मौलाना त्यांना हुसकावून थकले. शेवटी तह केला आणि तांदळाचे दाणे ठेवायला लागले. चिमण्या हळूहळू धीट झाल्या, मग मौलानांनी त्यांना नावं दिली. एक कलंदर होता, एक मोती होती. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या बेगम जुलेखा यांचं निधन झालं. आजारपणात त्यांना भेटता यावं म्हणून मौलानांनी सरकारपुढे हात पसरला नाही, आणि त्या दिवसांतही आपला रोजचा शिरस्ता मोडू दिला नाही. एक चहाची वेळ आणि चार चिमण्या. त्या दगडी भिंतींत त्यांनी कामाची जागा केली ती एवढ्यावर.

आता आपल्या घरांकडे येऊ. आमच्या शाळेत कोकणातल्या एका गावची मुलगी होती. तिचे अब्बू कुवेतला. तिच्या अभ्यासाच्या जागी एक जुनं मनगटी घड्याळ असायचं, अब्बूंचंच, काचेवर चरा गेलेलं. ते तिथल्या वेळेवर लावलेलं होतं, आपल्यापेक्षा अडीच तास मागे. मी विचारलं तर म्हणाली, "टीचर, अब्बूंची ड्युटी सातला सुटते. म्हणजे इथले साडेनऊ. तोवर मी पण उठत नाही." दुकानातला कुठला कागद हे करू शकेल? ज्या वस्तूमागे कुणाची तरी मेहनत उभी असते, ती वस्तू बोलते. दादाजींचा कोयता असो, नानीची कातर असो, की मोठ्या आपानं बी.ए. होईपर्यंत वापरलेली आणि पुठ्ठा सुटलेली डिक्शनरी असो.

दुसरी चीज म्हणजे आपण स्वतः केलेलं काम. बीजगणितात चाळीसपैकी अकरा मिळालेला पेपर मुलं फाडून टाकतात. मी म्हणते ठेवा. त्यावर पुढचा अठराचा ठेवा, मग सव्वीसचा. टेबलावरच्या प्लॅस्टिकखाली तिन्ही सरकवा. 'तू करू शकतोस' हे दुसऱ्यानं छापून सांगण्यापेक्षा आपल्याच अक्षरात दिसलेलं बरं. संपलेल्या रिफिली डब्यात साठवणारा एक मुलगा मला माहीत आहे. महिन्याअखेरीस तो त्या मोजतो. अम्मीला तो कचरा वाटतो, पण तिनं तो फेकू नये.

आपल्या घरांत बऱ्याच ठिकाणी माणसांचे फोटो भिंतीवर लावत नाहीत. ठीक आहे. घड्याळाला आणि डिक्शनरीला फोटोची गरज नसते.

आयती आणि दुआंच्या स्टिकरांबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलते. वह्यीची पहिली नाजिल झालेली आयतच वाचण्याबद्दल आहे, तिच्यापाठोपाठ कलमाचा उल्लेख येतो, आणि कुरआनातल्या एका सूरहचं नावच अल-कलम आहे. मूल वाचायला बसतं त्या जागी 'इक्रा'चा तुगरा असावा, यापेक्षा शोभणारं काय? पण तो एक असावा, स्वच्छ असावा, नजरेच्या वर असावा. कंपासपेटीवर, बाटलीवर, टेबलाच्या कडेला, खुर्चीच्या पाठीवर स्टिकर लावत सुटायचं, आणि वर्षाअखेर ते सोलून केरात जायचं, हे बरोबर नाही. आपल्या आजीच्या काळात अक्षर लिहिलेला कागद पायाखाली दिसला की उचलून आळ्यात ठेवत. तो अदब शिकवणंही तालीमच आहे. आणि मुसहफवर गाइड-वह्यांचा ढीग रचू नका. रेहल वरच्या फळीवर ठेवा.

मोबाइलबद्दल लिहीत नाही, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न मात्र अवघड आहे: टेबल कुणाचं? घरात एकच टेबल असेल तर ते बहुतेक वेळा मुलाचं असतं. मुलगी दिवाणाच्या कोपऱ्यावर, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ नाहीतर भाऊ उठल्यावर त्याच्या जागी बसते. पाहुणे आले की पहिल्यांदा तिची पुस्तकं हलतात. जी जागा रोज संध्याकाळी मोडते तिथे घड्याळ काय ठेवणार आणि पेपर काय सरकवणार?

नववीतली एक हुशार मुलगी अशीच मागे पडत चालली होती. घरी गेले. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, अम्मी दिवसभर मशीनवर गाऊन शिवणारी. "टीचर, जागा कुठाय?" ती म्हणाली, आणि खरंच नव्हती. घरात पाहत बसले तर पत्र्याची एक ट्रंक दिसली, तिच्या निकाहातली. दोघींनी मिळून ठरवलं. ट्रंकेतल्या रजया पोटमाळ्यावर गेल्या, झाकणावर एक फळी आली, आत मुलीची पुस्तकं, आणि किल्ली मुलीकडे. इशानंतर मशीन थांबायचं आणि ट्रंकेवरचा दिवा लागायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला त्या मुलीनं काय चिकटवलं होतं माहीत आहे? अम्मीनं शिवलेल्या गाऊनच्या हिशेबाची चिठ्ठी. किती नग, किती रुपये, आणि खाली शाळेची फी वजा केलेली. यंदा ती बारावीला आहे. घर तेवढंच आहे, भांडणंही होतात, धाकट्या भावालाही आता ट्रंक हवी आहे.

हे वाचणाऱ्या बहिणींपैकी काही जणी स्वतः काहीतरी करत असतील. शिकवण्या, डबे, मेहंदी, शिवणकाम, कुणी लग्नानंतर सुटलेली बारावी पुन्हा देत असेल. तुमची जागा कुठली? पसारा तुमचा, पण फळी तुमची आहे का? एक फळी मागा. त्यावर पहिल्या गिऱ्हाइकाच्या मापाचा कागद ठेवा, किंवा परीक्षेची पावती. आणि घरात सांगून ठेवा, की त्या फळीवर लाइटबिल, औषधं आणि कुणाची चावी ठेवायची नाही.